बाबांच्या हृदयासाठी थॅलियम की पेट?

डॉक्टर, नमस्कार.

माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत, बेस्टमधून निवृत्त झाले. आईबाबा लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी डोंबिवलीला. पाच महिन्यांपूर्वी बाबांना मोठा हार्ट अटॅक आला. अ‍ॅसिडिटी समजून त्यांनी रात्र काढली, सकाळी हॉस्पिटलला नेलं तोवर उशीर झाला होता. इकोत पंपिंग २८ टक्के आलं. अँजिओत तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज निघाले, त्यातली पुढची एलएडी पूर्ण बंद आहे. वीस वर्षांचा डायबिटीस, इन्सुलिन चालू, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन १.९. छातीत दुखत नाही, पण एक मजला चढले की धाप लागते.

सर्जन म्हणाले, "पुढचा स्नायू जिवंत असेल तर बायपासचा विचार करू, व्हाएबिलिटी बघून या." कार्डिऑलॉजिस्टनी थॅलियम लिहून दिलं. एका सेंटरने फोनवर स्ट्रेस थॅलियमचं पॅकेज सांगितलं. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो पेट स्कॅनच करा, तोच खरा. कुणी एमआरआय सुचवला. दादाचं म्हणणं, चिरफाड कशाला, स्टेंट टाकून मोकळे व्हा. त्यात बाबांनी कुठेतरी वाचलं की थॅलियम म्हणजे उंदीर मारायचं विष, तेव्हापासून ते स्कॅनला जायलाच तयार नाहीत. पेटसाठी एफडी मोडावी लागेल. मोडू, पण यातली खरी चाचणी कोणती, ते तुम्ही सांगा.

– एक मुलगी, डोंबिवली

ताई, एफडी इतक्यात मोडू नका. स्ट्रेसचं पॅकेजही नको. बाबांसाठी मी आधी टेक्नेशियम हे किरण सोडणारं औषध टोचून विश्रांतीत काढलेला साधा स्कॅन मागेन, तोही सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली देऊन काढलेला. हृदयाच्या पुढच्या भिंतीने औषध बऱ्यापैकी उचललं, तर तिथेच थांबायचं आणि सर्जनना भेटायचं. नाही उचललं, तरच पेट. आणि तसं झालं तरी पहिला स्कॅन फुकट जात नाही, कारण पेटच्या तुलनेसाठी रक्तप्रवाहाचं एक चित्र लागतंच, ते हेच. मी बाबांची अँजिओची सीडी पाहिलेली नाही. म्हणून हे उत्तर तुमच्या कार्डिऑलॉजिस्टना दाखवा, आणि त्यांचं मत वेगळं पडलं तर कुठल्या मुद्द्यावर, ते विचारून घ्या.

आधी विषाचं बघू, कारण बाबा घरातून निघालेच नाहीत तर पुढचं सगळं फोल आहे. त्यांनी वाचलंय ते खोटं नाही. थॅलियमचे क्षार एकेकाळी उंदीर मारायला वापरत, आणि ते माणसालाही मारतात. पण स्कॅनच्या इंजेक्शनमध्ये थॅलियम–२०१ असतं ते ग्रॅमच्या काही कोटींव्या भागाइतकं. एवढ्याशा कणांनी विषबाधा होत नाही. त्यांचे किरण कॅमेऱ्याला दिसतात, इतकाच त्यांचा उपयोग. शिवाय बाबांना हेही सांगा की कागदावर 'थॅलियम' लिहिलेलं असलं तरी हल्ली बहुतेक ठिकाणी टेक्नेशियमच टोचतात. अपॉइंटमेंट घेताना नेमकं काय देणार ते विचारून ठेवा. ते बाबांच्या समाधानासाठी तर हवंच, पण पुढे येईल तसं, उत्तराचा अर्थही त्यावर ठरतो.

आता स्ट्रेस का नको. ट्रेडमिलवर चालवून किंवा इंजेक्शनने हृदयाला ताण देऊन जो स्कॅन काढतात, तो विचारतो की ताण पडल्यावर रक्त कुठे कमी पडतं. बाबांच्या अँजिओने ते आधीच सांगितलंय: तिन्हीकडे. तुमच्या सर्जनचा प्रश्न निराळा आहे. जिथे रक्त कमी आहे तिथे स्नायू अजून शिल्लक आहे का? त्याला विश्रांतीतली चित्रं पुरतात. २८ टक्के पंपिंगच्या माणसाला ताण द्यायचा तर त्याला तसंच कारण हवं, आणि 'पॅकेजमध्ये आहे' हे कारण होत नाही.

अटॅकनंतर इकोवर जो भाग हलत नाही, त्यात निरनिराळ्या अवस्थांचा स्नायू मिसळलेला असतो. काही भाग मेलेला, त्याच्या जागी व्रण. काही नुसता सुन्न, म्हणजे रक्त परत सुरू झालेलं असतं पण स्नायू काही दिवस किंवा आठवडे कामाला लागत नाही. बाबांना पाच महिने झालेत, तेव्हा तो काळ सरला. तिसरा भाग निद्रिस्त. रक्त इतकं कमी मिळतंय की जगण्यापुरतं भागतं, आकुंचन पावायला उरत नाही. शाहबुद्दीन रहिमतुला या हृदयरोगतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात ही निद्रिस्त हृदयस्नायूची कल्पना मांडली आणि रक्तपुरवठा सुधारला की असा भाग पुन्हा हलू शकतो याकडे लक्ष वेधलं. वीज तोडलेली गिरणी आणि यंत्रं विकून रिकामी केलेली गिरणी रस्त्यावरून सारख्याच गप्प दिसतात. इकोची अडचण तीच. आत काही चालू आहे का, हे पाहायला पेशीच्या आत काहीतरी पाठवावं लागतं. न्यूक्लिअर मेडिसिनच्या सगळ्या चाचण्या हेच करतात. फरक आहे तो कोणती पेशी कशाला दाद देते यात.

थॅलियमला पेशी पोटॅशियम समजते. जिवंत पेशीच्या आवरणावरचा सोडियम-पोटॅशियमचा पंप त्याला आत ओढून घेतो, मेलेल्या पेशीकडे ना धड आवरण असतं ना पंपाला लागणारी ऊर्जा. विश्रांतीत इंजेक्शन दिल्यावर लगेच काढलेलं चित्र मुख्यतः रक्तप्रवाहाचं असतं. मग तीन-चार तासांत थॅलियम पेशींमधून आतबाहेर होत राहतं. आधी रिकामा दिसलेला भाग दुसऱ्या चित्रात भरून आला, तर तो जिवंत. कधी हे भरणं फार सावकाश होतं, म्हणून काही ठिकाणी चोवीस तासांनी परत बोलावतात. लालबागहून ते जमेल. कल्याण-कर्जतहून सकाळच्या गर्दीत दोन दिवस येणाऱ्या रुग्णाला मी ते उगाच करायला लावणार नाही.

स्ट्रेसचं पॅकेज नको म्हणालो त्याला आणखी एक जुना आधार आहे. पूर्वी ताणानंतर आणि मग तीन-चार तासांनी, अशी थॅलियमची दोनच चित्रं काढायचे आणि दुसऱ्यातही रिकामा राहिलेला भाग मेलेला धरायचे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना दुसऱ्या चित्रानंतर थॅलियमचा थोडा आणखी डोस टोचून तिसरं चित्र काढलं. मेलेले म्हणून लिहिलेल्या भागांपैकी ४९ टक्के भागांनी आता थॅलियम उचललं. जवळजवळ निम्मे! स्ट्रेसच्या पॅकेजात तो दुसरा डोस नसेल आणि रिपोर्टवर 'फिक्स्ड डिफेक्ट', म्हणजे दोन्ही चित्रांत रिकामा भाग, असं आलं, तर त्यावरून बाबांचा स्नायू गेला असं कुणी म्हणू नये.

टेक्नेशियम-मिबीची, म्हणजे टेक्नेशियम ज्या रूपात टोचतात त्याची, गोष्ट वेगळी. ते पेशीत शिरून मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, बसतं आणि फारसं हलत नाही. मायटोकाँड्रिया शाबूत असतील तरच ते टिकतं, म्हणून त्यातूनही जिवंतपणा कळतो. पण ते तिथवर पोचायला रक्त लागतं. रक्त फारच कमी असेल तर जिवंत भागही फिका दिसतो आणि रिपोर्टवाला त्याला व्रण म्हणू शकतो. सॉर्बिट्रेट त्यासाठी. गोळीने रक्तवाहिन्या सैल होतात, आडवाटेने येणारं रक्त वाढतं, आणि निद्रिस्त भागाला औषध उचलायची एक संधी मिळते. हृदयाच्या सर्वात चांगल्या भागाने जितकं उचललं त्याच्या ५० ते ६० टक्क्यांहून जास्त उचलणारा भाग साधारणपणे जिवंत धरतात. गोळी न देता काढलेला मिबी स्कॅन व्हाएबिलिटीसाठी मला अर्धवट वाटतो. बाबांचं वरचं ब्लड प्रेशर शंभरच्या खाली असेल तर मात्र आधी सांगा. आणि पुरुष सहसा बोलत नाहीत तो प्रश्न तुम्ही किंवा दादा विचारा: व्हायग्राच्या जातीची गोळी हल्लीच घेतली होती का? तीवर सॉर्बिट्रेट दिलं तर ब्लड प्रेशर धोकादायकरीत्या कोसळतं.

मग टेक्नेशियमच का? चित्र स्वच्छ येतं. त्याचे किरण १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे आहेत, गामा कॅमेऱ्याला अगदी सोयीचे. थॅलियमचे त्याच्या साधारण निम्म्या ऊर्जेचे, ते छातीतून बाहेर येता येता अडकतात आणि विखुरतात. पुरुषांमध्ये श्वासपटलामुळे हृदयाची खालची भिंत फिकी दिसते, हा घोळ थॅलियममध्ये जास्त होतो. टेक्नेशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, सहा तासांचं, थॅलियमचं ७३ तासांचं, म्हणून शरीराला लागणारा किरणोत्सर्गही थॅलियममध्ये जास्त. शिवाय टेक्नेशियम विभागातल्याच जनरेटरमधून, म्हणजे ते तयार करणाऱ्या छोट्या उपकरणातून, रोज सकाळी मिळतं; थॅलियम सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनतं आणि आधी नोंदवून मागवावं लागतं. तरी तुमचे कार्डिऑलॉजिस्ट म्हणाले की खरं थॅलियमच हवं, विश्रांतीतलं, तीन-चार तासांच्या दुसऱ्या चित्रासह, तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. ती चाचणी जुनी आहे म्हणून वाईट नाही.

आता पेट. तुमच्या मावसभावाचं अर्धं बरोबर आहे.

पेटमध्ये एफडीजी देतात, म्हणजे फ्लोरिन–१८ लावलेली साखर. उपाशीपोटी निरोगी हृदय बहुतेक करून मेदाम्लं जाळतं. रक्त कमी पडलेला निद्रिस्त स्नायू मात्र साखरेवर येतो, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये साखरेतून जरा जास्त ऊर्जा निघते. म्हणून एकीकडे रक्तप्रवाहाचं चित्र आणि दुसरीकडे साखरेचं, अशी दोन्ही शेजारी ठेवतात. रक्त कमी पण साखर उचलतोय, तो भाग निद्रिस्त. रिपोर्टमध्ये त्याला 'मिसमॅच' लिहितात. रक्तही नाही, साखरही नाही, तो व्रण, म्हणजे 'मॅच'. लोक इथे हमखास फसतात: 'मॅच' वाचून घरी पेढे आणतात. बाबांच्या रिपोर्टमध्ये आपल्याला मिसमॅच हवाय.

रक्तप्रवाहाचं चित्रही पेटवरच काढायचं तर नायट्रोजन–१३ अमोनिया किंवा रुबिडियम–८२ लागतं. पहिल्याचं अर्धायुष्य दहा मिनिटं, म्हणजे सायक्लोट्रॉन त्याच आवारात हवा. दुसऱ्याचं सव्वा मिनिट, त्याचा जनरेटर महागडा. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी टेक्नेशियमचं चित्र आणि एफडीजीचं चित्र यांची जोडी लावतात. मी सुरुवातीला पहिला स्कॅन फुकट जात नाही म्हणालो ते यामुळे.

एफडीजीचं अर्धायुष्य ११० मिनिटांचं आहे. सायक्लोट्रॉनमधून निघालेला डोस वाहतुकीत दोन तास अडकला तर निम्म्याहून कमी उरतो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये बाबांच्या घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था १९६३ पासून टाटा हॉस्पिटलच्या आवारात आहे. आज मुंबईत पेटची सेंटरं पुष्कळ झाली, पण त्यांचं रोजचं काम कर्करोगाचं. हृदयाची व्हाएबिलिटी त्या मानाने क्वचित होते, आणि तयारी जवळजवळ उलटी असते.

कर्करोगाच्या पेटला उपाशी ठेवतात आणि साखर वाढू देत नाहीत. हृदयाच्या व्हाएबिलिटीलाही उपाशीच बोलावतात, पण मग ग्लुकोज पाजतात आणि गरजेप्रमाणे शिरेतून इन्सुलिन देतात, म्हणजे सगळं हृदय साखरेकडे वळेल आणि जिवंत भाग उजळून दिसेल. डायबिटीस नसलेल्या माणसाचं शरीर हे आपणहून करतं. बाबांच्या शरीराला ते जमत नाही. रक्तात साखर भरपूर, पण इन्सुलिनला स्नायू दाद देत नाही, मेदाम्लंही चढलेली. अशा वेळी एफडीजी दिलं तर सगळं हृदयच फिकं येतं आणि त्या चित्रावरून काहीही सांगता येत नाही. उत्तम उपाय म्हणजे इन्सुलिन आणि ग्लुकोज दोन्ही शिरेतून एकत्र चालू ठेवून, दर काही मिनिटांनी साखर मोजत हृदयाला नेमक्या अवस्थेत आणणं. त्याला वेळ लागतो, हाताशी डॉक्टर लागतो, आणि शेजारच्या खोलीत कर्करोगाचे दहा पेशंट खोळंबलेले असले की हे टाळलं जातं. म्हणून पेटची वेळ आलीच तर किमतीच्या आधी हे विचारा: "इन्सुलिनवरच्या डायबिटीसच्या पेशंटचं कार्डिअ‍ॅक व्हाएबिलिटी तुम्ही करता का? साखर वाढलेली असली तर काय करता?" फोन उचलणाऱ्याला ठाऊक नसेल तर न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांशी बोलायचं म्हणा. "उपाशी या, बाकी काही नाही" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं सेंटर शोधा. त्या दिवशीच्या इन्सुलिनचं काय करायचं हेही त्यांच्याकडून लिहून घ्या, मनाने वगळू नका आणि मनाने टोचूही नका. स्कॅननंतर साखर उतरू शकते, तेव्हा पर्समध्ये बिस्किटं आणि चार साखरेचे खडे असू द्या, आणि बाबांना एकट्याने घरी सोडू नका.

तुलनेचे आकडेही देतो, कारण मावसभाऊ तेच दाखवेल. २००७ मध्ये एकत्र केलेल्या अभ्यासांचा ताळा असा होता: बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर जे भाग खरंच हलू लागले, त्यांतले ९२ टक्के एफडीजी पेटने आधीच जिवंत म्हणून ओळखले होते, थॅलियमने ८७, टेक्नेशियमने ८३. आता दुसरी बाजू. जे भाग हलले नाहीत, त्यांतले पेटने ६३ टक्केच आधी मृत म्हणून सांगितले होते, थॅलियमने ५४, टेक्नेशियमने ६५. म्हणजे जिवंत स्नायू निसटू न देण्यात पेट पुढे आहे, पण 'जिवंत' म्हटलेला भाग पुढे हलेलच याची खात्री त्यांतली कुठलीच चाचणी देत नाही. हृदयाला चेतवणाऱ्या डोब्युटामिनचं इंजेक्शन देऊन काढलेला इको याच्या उलट: तो ८० टक्केच पकडतो, पण न हललेल्यांपैकी ७८ टक्के बरोबर सांगतो. कारण तो स्नायू हलतोय का हेच पाहतो, आणि न्यूक्लिअर चाचण्या स्नायू जगतोय का हे पाहतात. जगणं आणि हलणं यांत अंतर असतं. फार दिवस निद्रिस्त राहिलेल्या स्नायूच्या आतले आकुंचनाचे तंतूच झिजलेले असतात. तो जिवंत निघतो आणि तरी उठत नाही.

एमआरआयबद्दल थोडक्यात. व्रण दाखवण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. १.९ क्रिएटिनिनला एमआरआयसाठी टोचायच्या गॅडोलिनियमची जी भीती घालतात ती मुख्यतः जुन्या प्रकारच्या औषधांची. नव्या प्रकारांत धोका फारच कमी आहे, तेवढ्यावरून तो दार बंद करत नाही. अडचण वेगळी: बोगद्यात पाऊण तास आडवं पडून पुन्हा पुन्हा श्वास रोखायचा असतो. एक मजला चढून धापणाऱ्या माणसाला ते जमतं का, हे तुम्हीच ठरवा. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये आयोडीनचं कॉन्ट्रास्ट नसतं, मूत्रपिंडाची काळजी तिथे नाही. आणि काही खर्च न करता आजच एक काम करा: जुना इको रिपोर्ट काढून पुढच्या भिंतीची जाडी बघा. ती ६ मिलिमीटरच्या खाली असेल आणि भिंत पांढरट चकचकीत लिहिली असेल, तर तिथे व्रण असण्याची शक्यता मोठी. डॉक्टरांना ती ओळ दाखवा.

आता मूळ मुद्दा, जो तुम्ही विचारला नाहीत. स्कॅन जिवंत म्हणाला तर बायपास आणि मेलेला म्हणाला तर नाही, असा सरळ हिशोब तुमच्यापुढे ठेवला गेलाय. गेल्या पंधरा वर्षांत हा हिशोब बराच डळमळला आहे.

स्टिच नावाच्या मोठ्या चाचणीत ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंगचे १,२१२ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे अर्ध्यांना बायपास आणि औषधं, अर्ध्यांना नुसती औषधं. दहा वर्षांनी बायपासवाल्यांत ५८.९ टक्के दगावले, औषधंवाल्यांत ६६.१ टक्के. शस्त्रक्रियेचा फायदा खरा निघाला, पण दिसायला दहा वर्षं लागली; पाच वर्षांच्या टप्प्यावर तो ठामपणे दिसला नव्हता. यातल्या ६०१ जणांची व्हाएबिलिटी तपासली होती, तिचा निकाल २०११ मध्ये आला: ज्यांचा स्नायू जिवंत होता त्यांनाच बायपासचा जास्त फायदा झाला, असं सिद्ध झालं नाही. दहा वर्षांनंतरही नाही. याला आक्षेप आहेत आणि ते मला पटतात. तपासणी कुणाची करायची हे चिठ्ठ्यांनी ठरलं नव्हतं, स्नायू मेलेला निघालेले फक्त ११४ होते, आणि पेट किंवा एमआरआय त्यात नव्हतेच. पण 'रिपोर्टमध्ये व्रण, तर बायपास व्यर्थ' असं एका वाक्यात म्हणायला आता आधार उरला नाही, हेही तितकंच खरं.

पेटच्या बाजूने कॅनडातली पार–२ चाचणी सांगतात, २००७ सालची, ४३० रुग्णांची. पेट बघून निर्णय घेतलेल्यांत वर्षभरात हृदयामुळे मृत्यू, अटॅक किंवा हृदयासाठी भरती झालेले ३० टक्के, पेटशिवाय निर्णय घेतलेल्यांत ३६. फरक आहे, पण योगायोगाने नाही असं म्हणण्याइतका नाही. गंमत अशी की पेट काढलेल्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत डॉक्टरांनी पेटचं ऐकलंच नव्हतं. ज्यांच्यात ऐकलं त्यांचं बरं झालं. स्कॅनला पैसे घालण्याआधी निकालानुसार सगळे वागणार आहेत का, हे पाहावं ते यासाठी.

दादासाठी २०२२ची रिवाइव्हड चाचणी. ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग आणि स्नायू जिवंत असल्याचा पुरावा, असे ७०० रुग्ण. काहींना स्टेंट आणि औषधं, काहींना नुसती औषधं. साधारण साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती एका गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ३८. स्टेंटने काही वेगळं घडलं नाही. त्यातच बाबांना डायबिटीस आहे आणि तिन्ही वाहिन्या खराब. अशा रुग्णांत स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरतो हे २०१२च्या फ्रीडम चाचणीने दाखवलं, जरी तिथल्या बहुतेकांचं पंपिंग बाबांइतकं उतरलेलं नव्हतं. चिरफाड टाळायची दादाची इच्छा मी समजतो. पण बायपास झेपत नसेल तर त्याच्या जागी आपोआप स्टेंट येत नाही. त्याच्या जागी नीट दिलेली औषधं येतात. ती बाबांना आज मिळतायत का, पूर्ण डोसात मिळतायत का, हे मी स्कॅनच्याही आधी बघेन. क्रिएटिनिन १.९ म्हणून एखादं औषध कुणी सुरूच केलं नसेल, तर 'का नाही' हे विचारायला हरकत नाही. औषधं तीन महिने पूर्ण चालवूनही पंपिंग ३५ च्या वर गेलं नाही, तर अचानक थांबणाऱ्या हृदयासाठी बसवायच्या यंत्राचा, आयसीडीचा, विषय कार्डिऑलॉजिस्टकडे काढा.

मग स्कॅन काढायचाच कशाला? बाबांच्या बाबतीत तो उपयोगी आहे असं मला वाटतं, कारण पारडं जवळजवळ समान आहे. छातीत दुखत असतं तर मी व्हाएबिलिटीचा आग्रह धरला नसता. दुखणारा स्नायू जिवंतच असतो. पण इथे दुखत नाही, मूत्रपिंड थकलेलं आहे, शस्त्रक्रियेचा धोका नेहमीपेक्षा जास्त. पुढची सगळी भिंत व्रण असेल तर तो धोका पत्करण्यात मिळकत कमी. उलट मोठा भाग निद्रिस्त असेल तर तुमचे सर्जन हात घालतील आणि मीही होकार देईन. म्हणून स्कॅनला जाण्याआधी सर्जनना इतकंच विचारा: "किती भाग जिवंत निघाला तर तुम्ही बायपास करणार, आणि बाकीच्या दोन वाहिन्यांसाठी तरी करणार का?" ते म्हणाले की मी तसाही करणारच, किंवा या मूत्रपिंडावर मी तसाही करणार नाही, तर पैसे ठेवा आणि स्कॅन रद्द करा.

स्कॅनच्या दिवशी विश्रांतीच्या चाचणीला चहा-कॉफी चालते. ताणाचं इंजेक्शन ठरलं असेल तरच आदल्या दिवसापासून बंद. टेक्नेशियमनंतर त्या दिवसापुरतं लहान नातवंडांना मांडीवर घेऊ नये, पाणी भरपूर द्यावं, पण हार्ट फेल्युअरसाठी पाण्याची मर्यादा घातली असेल तर तिच्या आतच. थॅलियमच निघालं आणि पुढच्या काही आठवड्यांत विमानाने जायचं असेल, तर विभागाकडून चिठ्ठी घेऊन ठेवा. विमानतळावरची किरणोत्सर्ग शोधणारी यंत्रं कधीकधी वाजतात.

निकाल घेताना एका पानाच्या रिपोर्टवर समाधान मानू नका. चित्रांची सीडी मागा, आणि हृदयाचे सतरा भाग करून प्रत्येकाने किती टक्के औषध उचललं तो गोल नकाशा छापून मागा. सॉर्बिट्रेट दिलं होतं की नाही, पेट झालं असेल तर एफडीजी देताना साखर किती होती, हे रिपोर्टमध्ये लिहिलंय का ते तिथेच पाहा, नसेल तर लिहून घ्या. सर्जनच्या भेटीला ही सीडी, अँजिओची सीडी आणि इको असं तिन्ही न्या, दादालाही बरोबर न्या.